पाण्याची बँक आणि आपलं खातं

परभणीकडच्या काळ्या रानात आता प्लास्टिक चमकतं. शेततळी. पाण्याची बँक म्हणे. पावसाळ्यात ठेव ठेवायची, उन्हाळ्यात काढायची. ऐकायला झकास. पण मित्रांनो, बँक म्हटली की पहिला सवाल ठेव कुणाची हा असतो.

2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. नाव बघा. मागेल त्याला! पण तेव्हा मागायला किमान 0.60 हेक्टर जमीन पायजे होती. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, गायरान कसूनही ज्याची नोंद होत नाही, त्यानं मागायचं कुणाकडं? तेव्हाच्या योजनेतलं सर्वांत मोठं तळं 30 मीटर लांब, 30 रुंद, 3 खोल होतं. बाजू तिरक्या धरल्या तर 22 लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. माणशी रोज 40 लिटर धरा. दीडशे माणसांच्या वस्तीचं वर्षभराचं पाणी झालं.

हे पाणी आभाळातून आलं तर भांडण कमी. (खालच्या शिवाराचा ओढा त्यानं सुकतो, तो वेगळा हिशेब.) पण मराठवाड्यात कैक तळी विहीर-बोअरचं पाणी उपसून भरतात. आपल्या पायाखाली काळा खडक. त्याच्या भेगांत, झिजलेल्या थरात पाणी साठतं, आणि भेग काही बांध ओळखत नाही. म्हणजे अख्ख्या गावाच्या रांजणातून उपसायचं, उघड्यावर ठेवायचं, त्यातलं ऊन पिणार, आणि खाली कागद घातला म्हणून थेंबही परत मुरणार नाही. ही भर नव्हे. सामायिक खात्यातून काढून खाजगी खात्यात टाकणं आहे.

1882 चा सुविधाधिकार कायदा जमीनमालकाचा जमिनीखालच्या पाण्यावरचा हक्क मानतो. जमीन त्याची म्हणून पाणी त्याचं. आणि जमीन कुणाची, हे जातीनं केव्हाच ठरवलेलं. 1993 ला राज्यानं कायदा केला: पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायची नाही. चांगलं केलं. पण तक्रार करणाराच त्या बागायतदाराकडं मजुरीला जात असंल तर तक्रार करणार कोण?

‘खाजगी’ हा शब्द आपल्याला नवा नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्याच वर्षी 12 डिसेंबरला सवर्ण महाडच्या कोर्टात गेले. दावा काय? तळं सार्वजनिक नाहीच, आमची मालमत्ता! धर्म अपुरा पडला की मालकी पुढं येते. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला 17 मार्च 1937 उजाडलं. पण तो हक्क सार्वजनिक पाणवठ्याचा. सगळं पाणीच खाजगी झालं तर मोर्चा कुठल्या तळ्यावर न्यायचा? तिथं अडवायला माणूस उभा करावा लागत नाही. पोहरा कोरडाच वर येतो.

आता कुणी म्हणंल, आपल्यातल्या दोन एकरवाल्या भावाचंही तळं आहे. आहे. कर्ज त्याच्याही उरावर आहे, मोसंबी जगवायला तो तरी काय करील? त्याला चोर म्हणणं मला जमणार नाही. पण गरज खरी आहे एवढ्यानं दुसऱ्याच्या घोटावर हक्क सांगता येत नाही, मग तो पाटील असो की आपला भाऊ. नाहीतर आपण पाटलाशी भांडतो ते कशाच्या जोरावर?

म्हणून ग्रामसभेत शेततळ्याचा विषय निघाला की अनुदानाच्या आधी विचारा: भरणार कशानं, पावसानं का बोअरनं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि वस्तीच्या विहिरीला दोरी सोडून दर महिन्याला पाणी मोजा, आकडा वहीत मांडा.