थांबण्याचा खर्च

माझ्या स्वभावात घाई नाही. कादंबरीचे एखादे प्रकरण मनासारखे उतरले नाही, तर मी ते वर्षभर ट्रंकेत ठेवून देतो. शर्टाचे कापड शिंप्याकडे टाकण्यापूर्वी एकदा भिजवून किती आटते ते पाहतो. घरात याला चेंगटपणा म्हणतात. मी आजवर त्याला विवेक म्हणत आलो. गेल्या वर्षी एका लॅपटॉपच्या निमित्ताने हा जुना वाद माझ्यापुरता पुन्हा उभा राहिला.

थोरल्या मुलीला नागपूरच्या तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. काटोलहून रोज साठ किलोमीटर जाणे-येणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून ती वसतिगृहात राहिली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "बाबा, लॅपटॉप लागेल." पैसे मी बाजूला काढून ठेवलेच होते. सीताबर्डीवर जाऊन यंत्र पसंत केले. पैसे मोजणार, तोच दुकानातला मुलगा हळूच म्हणाला, "सर, थांबता येत असेल तर थोडं थांबा. हेच मॉडेल नव्या रूपात येतंय. वजन कमी, पडदा मोठा, बॅटरीही जास्त." हातातली विक्री सोडून गिऱ्हाइकाचे हित सांगणारा माणूस विरळा! मी त्याचे आभार मानले आणि मुलीला कळवले, "थांबू या." ती "बरं" म्हणाली. आमच्या घरच्या मुली "बरं" फार लवकर म्हणतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

सप्टेंबरात ते नवे रूप बाजारात आले. आता तरी घ्यायचे; पण नव्या वस्तूतले दोष वापरल्याशिवाय कळत नाहीत, ही शंका आडवी आली. आमचे शेजारी संत्र्याच्या बागेत म्हातारे झालेले. ते म्हणाले, "मास्तर, नवं काही आलं का पहिले दुसऱ्याच्या वावरात होऊ द्या. मंग आपल्या." हे बोलणे अनुभवाचे होते. संत्र्याचे कलम लावल्यावर फळ हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. कलमच खोटे निघाले तर झाड उपटता येते, वर्षे परत आणता येत नाहीत.

यंत्रांचा इतिहासही त्यांच्याच बाजूने बोलतो. ॲपल कंपनीने 2015 साली आपल्या एका लॅपटॉपला नव्या घडणीचा, अगदी पातळ असा कीबोर्ड बसवला. त्याला नाव दिले फुलपाखराचे. पुढच्या वर्षी तो महागड्या लॅपटॉपांतही आला. नाव नाजूक आणि प्रकृतीही तशीच. धुळीचा कण आत गेला की अक्षर उमटेना, किंवा एकाऐवजी दोनदा उमटे. (आमच्या काटोलच्या वैशाखात त्या फुलपाखराचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.) 2018 मध्ये कंपनीने दुरुस्ती फुकट करून देण्याचे जाहीर केले आणि 2019 च्या अखेरीस ती जुन्या धर्तीच्या कीबोर्डाकडे वळली. 2022 साली अमेरिकेतल्या खटल्यात, दोष कबूल न करता, पाच कोटी डॉलर देऊन तडजोड केली. चार वर्षे थांबलेल्या माणसाला चांगला कीबोर्ड आयता मिळाला.

हे वाचून मी समाधानाने दिवा मालवला, आणि अंधारात एक प्रश्न येऊन बसला. मला हे शहाणपण सुचले कुठून? 2016 साली ज्यांनी ते यंत्र घेतले, ज्यांची अक्षरे अडकली, ज्यांनी दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्याकडून. सगळेच माझ्यासारखे थांबले असते तर तो दोष उघडकीला आलाच नसता. कदाचित कंपनीच उरली नसती. ऑस्बोर्न नावाच्या अमेरिकन कंपनीने 1981 साली सुटकेसीसारखा उचलून नेता येणारा संगणक काढला. वजन सुमारे अकरा किलो! 1983 मध्ये तिने पुढच्या यंत्राचा गाजावाजा आधीच केला. लोक त्याची वाट पाहत थांबले, जुन्याची विक्री मंदावली, आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्या बुडण्याला दुसरीही कारणे होती. पण थांबणाऱ्यांचा त्यात हात होता, असे आजही सांगतात.

कोणी म्हणेल, आधी घेणाऱ्यांना कोणी बळजबरी केली होती? नवेपणाची हौस त्यांची, भोगही त्यांचे. हे मला मान्य आहे. परक्या खरेदीदारांचे देणे मी फार मनाला लावून घेतले, असे म्हटले तर ते ढोंग होईल. मला खरी टोचणी लागली ती त्यांची नव्हे.

आंबिया बहारासाठी आमच्याकडे थंडीच्या दिवसांत बागेचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. झाडाला तहान लागली की ते वाढ थांबवते, मग पाणी सोडले की फुलते. बाहेरच्याला वाटते, बागवान नुसता थांबला आहे. पण जाणता बागवान त्या दिवसांत रोज बागेत फिरतो, पाने किती मलूल झाली ते पाहतो. ताण अंमळ जास्त झाला तर झाड सुकून फांद्या वाळतात. थांबायचे ठरवतो बागवान, तहान सोसते झाड. म्हणूनच त्याला रोजची फेरी चुकवता येत नाही. मी जुलै ते ऑक्टोबर थांबलो आणि एकदाही वसतिगृहावर गेलो नाही. फोनवर "कसं चाललंय?" विचारले, "बरं" ऐकले, आणि पुन्हा लॅपटॉपांच्या गुणदोषांची माहिती वाचत बसलो.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली. तिच्या वहीचे शेवटचे पान सहज उघडले गेले. तिथे हिशेब होता : तारीख, नेट कॅफे, किती तास, किती रुपये. तीन महिन्यांत 1160 रुपये. एका ओळीत "नाश्ता" लिहून खोडले होते आणि पुढे "प्रिंट" केले होते. काही तारखांपुढे रुपये नव्हते, मैत्रिणीच्या नावाचे आद्याक्षर होते आणि वेळ, "रात्री 12 ते 2". मैत्रीण झोपली की तिचा लॅपटॉप मोकळा होत असणार.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"तुम्ही चांगल्यासाठीच थांबला होता ना, बाबा."

यात टोमणा नव्हता. असता तर मला जरा सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पहिल्या बसने नागपूरला गेलो. घेतला तो नव्या रूपाचाच लॅपटॉप, आणि तो उत्तम चालतो आहे. शिवाय दिवाळीची सूट मिळाली. यंत्रापुरता पाहिला तर माझा थांबण्याचा निर्णय तंतोतंत बरोबर ठरला. सुटीत वाचलेल्या पैशांतून मी तिला 1160 रुपये देऊ लागलो. "राहू द्या," ती म्हणाली, आणि खोके मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर पाहत राहिली. कळमेश्वर गेले तरी नोटा माझ्या हातातच होत्या.