आठवण गेली म्हणून माणूस गेला?

डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या घरी एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘ती आता ती राहिलीच नाही.’ बोलणारा मुलगा असतो, सून असते, कधी नवरा असतो. रात्र-रात्र जागून थकलेल्या माणसाच्या तोंडून ते निघते, म्हणून त्याला कोणी बोल लावू नये. पण घर ते खरे मानून वागू लागले की त्याची किंमत आजारी माणूस मोजतो. त्याच्यासमोरच त्याच्याविषयी परक्यासारखे बोलणे सुरू होते. ‘तिला कुठं काय कळतंय’ म्हणत, तिला न विचारता, नऊवारी जाऊन गाऊन येतो, केस कापले जातात, खोली बदलते. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. एवढ्या घरांत जे वाक्य बोलले जाते, ते खरे आहे का, हे तपासायलाच हवे.

आठवणी म्हणजेच माणूस, ही समजूत त्या वाक्यामागे आहे. तिला तत्त्वज्ञानाचे रूप दिले जॉन लॉक याने. 1694 मध्ये त्याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवे प्रकरण घातले आणि मांडले की, आपली जाणीव मागे जिथवर पोहोचते तिथवरच आपण तेच असतो. त्यावर टॉमस रीड याने 1785 मध्ये घेतलेला आक्षेप आजही तोडीस तोड वाटतो. एका मुलाने बागेतली फळे चोरली म्हणून शाळेत मार खाल्ला. पुढे तो सैन्यात अधिकारी झाला आणि पहिल्याच मोहिमेत त्याने शत्रूचे निशाण हस्तगत केले. तेव्हा त्याला तो मार आठवत होता. म्हातारपणी सेनापती झाल्यावर त्याला निशाण आठवते, पण मार साफ विसरला आहे. लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे तो अधिकारीच, अधिकारी म्हणजे तो मुलगाच. सेनापती मात्र तो मुलगा नव्हे! लॉकच्या बाजूने नंतर पुष्कळ डागडुजी झाली, पण माणसाचा सगळा भार एकट्या स्मृतीवर पेलत नाही, हे रीडने दाखवले ते कायमचे.

विसाव्या शतकात याचा पुरावा रक्तामांसाच्या माणसात मिळाला. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर 1953 मध्ये फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याची त्यांची शक्ती जवळजवळ पूर्ण गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईदार झाला, आणि आपण हे कधी केले आहे याची त्यांना दर वेळी गंधवार्ताही नसे. 2008 मध्ये वारेपर्यंत त्यांच्यासोबत काम केलेल्या संशोधकांनी त्यांच्या सौजन्याबद्दल आणि विनोदबुद्धीबद्दल लिहिले आहे. समोरचा माणूस रोज नवा वाटत असूनही हेन्री त्याच्याशी हेन्रीसारखेच वागत.

माझी मावशी गेली काही वर्षे डिमेन्शियाच्या वाटेवर आहे. मुलाला ती ‘दादा’ म्हणते. तिच्या लेखी तो तिचा थोरला भाऊ. नवरा गेल्याचे तिला ठाऊक नाही आणि आता ते कोणी सांगतही नाही. मात्र भांडी घासायला येणाऱ्या बाईची चाहूल लागली की ती खुर्चीतून आवाज देते, ‘चहा झाला का गं तुझा?’ अर्ध्या तासात चार वेळा विचारते. उभ्या हयातीत मावशीने कामवालीला वेगळा कप ठेवू दिला नाही, त्यावरून सासूशी कडाक्याची भांडणे केली. भांडणे विसरली, सासूही विसरली, विचारणे राहिले. त्याच खोलीत पाहुण्यांना कोणी सांगते, ‘काही कळत नाही हो तिला,’ तेव्हा ती पदर सारखा करते आणि खाली पाहते. कळत नाही, असे मला तरी म्हणवत नाही.

नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी 2015 मध्ये मेंदूचे वा मज्जासंस्थेचे आजार झालेल्या रुग्णांच्या 248 नातेवाइकांकडून माहिती घेतली. आपले माणूस परके झाले असे त्यांना केव्हा वाटते? नुसत्या विसरण्याने नाही. दया, सचोटी, माणुसकी ओसरली की तसे वाटते. म्हणूनच स्मरणशक्तीआधी वर्तनावर घाला घालणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात ही भावना सर्वांत तीव्र होती. सोशिक बापाने नातवावर हात उगारला, तर लेकीला काय वाटत असेल, ते कोणत्याही सिद्धान्ताने हलके होणारे नाही. तरीही अशा वेळी निकाल घाईने देऊ नये. 1848 मध्ये फिनिअस गेज या अमेरिकी मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण हा आपला गेज नव्हेच, असे मित्र म्हणाले आणि पाठ्यपुस्तकांनी तेवढेच उचलले. हाच गेज पुढे चिलीत कित्येक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत होता, हे फार कमी जणांना माहीत असते.

खरा पेच पुढे आहे. ओळखीतले एक माळकरी गृहस्थ. तरुणपणी पंढरपुरात तुळशीची माळ घातली, त्यानंतर मांसमच्छीला शिवले नाहीत. आता डिमेन्शिया झाला आहे. नातवाच्या ताटात सुकट दिसली की हात पुढे करतात, नाही म्हटले की रडकुंडीला येतात. मुलगा म्हणतो, बाबांचे व्रत मोडू देणार नाही. मुलगी म्हणते, समोर बसले आहेत तेही बाबाच ना? दोघांचेही डोळे भरलेले.

हाच प्रश्न 1993 मध्ये कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी जीवनमरणाच्या टोकाला नेला. अल्झायमर झालेली, स्वतःत रमलेली, पुस्तकाची पाने कुठूनही उलटणारी एक सुखी बाई त्यांनी उदाहरणाला घेतली. धडधाकट असताना तिने ‘असा आजार झाला तर दुसऱ्या कशावरही उपचार करू नका’ असे लिहून ठेवले असेल, तर ते पाळावे, असे त्यांचे मत; कारण आयुष्याला आकार देणारी ती तेव्हाची होती. कायद्याच्या अभ्यासक रेबेका ड्रेसर यांनी विरोध केला. समोर हसत जगणाऱ्या बाईला न्यूमोनिया झाला, तर जुन्या कागदाच्या आधारे तिचे औषध कसे रोखायचे?

मला ड्रेसर यांचे म्हणणे पटते, पण त्याचे कारण माझे वेगळे आहे. मुलगा आणि ड्वॉर्किन, दोघेही ‘खरा तो आधीचा’ असे धरून चालतात. माणूस एकच असेल, तर माळ घालणारा तोच आणि सुकटीकडे हात नेणाराही तोच. त्यातला एक खरा आणि दुसरा त्याचा अवशेष, हे ठरवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? म्हणून त्या घरात मला एवढेच सांगावेसे वाटते : सुकट त्यांच्या नजरेसमोर आणू नका. व्रत पाळण्याने जोवर त्यांना दुःख होत नाही, तोवर ते जरूर पाळा. ते त्यांचे आहे. पण त्यापायी ते रडू लागले, तर घास भरवा.

आपला कायदा इथे बराच शहाणा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला. त्या प्रतिनिधीने व्यक्तीच्या आधीच्या इच्छांबरोबर आताच्या इच्छाही विचारात घ्याव्यात, असे त्यातच नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेल्या इच्छापत्राची, म्हणजे लिव्हिंग विलची, प्रक्रियाही 2023 मध्ये सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने हे कागद करून ठेवावेत. नळ्या लावू नका, व्हेंटिलेटर नको, हे सगळे हवे तर लिहा. आणि खाली स्वतःच्या अक्षरात एवढे जोडा : त्या दिवशी मी काही मागितले, नाकारले किंवा हसून हात पुढे केला, तर तेही माझेच म्हणणे समजा.