हिशेब ठेवणारा नसेल तर

ईश्वर नाही असे एकदा ठरले की जगण्यात अर्थ उरत नाही, हे विधान आपल्याकडे अशा थाटात केले जाते की अश्रद्धा हा इंग्रजी विद्येबरोबर आलेला एखादा नवा रोग वाटावा. वस्तुतः प्रश्न फार जुना आहे. मनमाडहून मराठवाड्यात जाणारा लोहमार्ग होण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वेरूळची लेणी पाहू इच्छिणारे प्रवासी नाशिक जिल्ह्यातील नांदगाव स्टेशनावर उतरत आणि पुढची वाट टांग्याने काटीत. त्या वाटेच्या शेवटी असलेल्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्धांची व अखेरची ५ जैनांची आहेत. जगत्कर्ता न मानणाऱ्या दोन दर्शनांच्या अनुयायांनी एवढा कातळ कोरविला, तो काय निरर्थक आयुष्याचा कंटाळा घालविण्यासाठी? मध्ये शिवाचे कैलास लेणे उभे आहेच. परंतु छिन्नीच्या घावांवरून श्रद्धेची जात ओळखता येईल, असे मला तरी वाटत नाही.

तथापि या दाखल्यावर फार भार टाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे. बौद्ध व जैन यांनी कर्ता नाकारला, कर्म नाकारले नाही. सावकार गेला तरी खतावणी शिल्लक होती. आज केलेले पुण्य कोणत्या तरी जन्मी फळणारच होते. आधुनिक अश्रद्धाची अडचण याहून बिकट आहे. त्याचा सावकारही गेला आणि वहीही गेली. मग त्याने कष्ट उपसावेत ते कोणत्या खात्यावर?

गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्राचे महत्त्व येथे आहे. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांनी आपल्या गरीब आईस कळविले. १८८८ साली ‘सुधारक’ काढला. पुण्यात जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. दम्याने शरीर पोखरलेले असता फर्ग्युसन कॉलेज चालविले आणि १८९५ च्या जूनमध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, ते वारले. परलोकीच्या हुंडीवर त्यांचा भरवसा नव्हता. (पत्नीच्या देवधर्माच्या आड मात्र ते आले नाहीत, आजच्या कित्येक बुद्धिवाद्यांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे.) माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या उत्कटतेचे मूळ त्या भरवशाच्या अभावातच होते. ज्या बालविधवेचे केशवपन झाले, तिची भरपाई पुढील जन्मी होणार असेल, तर थोडा उशीर चालतो. पुढील जन्मच नसेल तर तिचे हे एकच आयुष्य नासत असते, आणि मग उशीर चालत नाही.

नांदगावचा मुलूख अवर्षणाचा. पाऊस गेला म्हणजे आकाशाकडे पाहून देवाला बोल लावणे ही तेथील शेतकऱ्याची जुनी सोय आहे, आणि तिला हसण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसास नाही. पण १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे रोजगाराच्या कामांवर खडी फोडावयास गेली, आणि १९७७ साली काम मागण्याच्या हक्काचा कायदा झाला. जे गाऱ्हाणे आकाशाकडे जाई, त्याचा काही भाग तरी उत्तर देण्यास बांधलेल्या माणसांच्या दारी आला. अर्थ म्हणून जे आपण शोधतो, ते मला अशा ठिकाणी दिसते.

सर्वच गाऱ्हाण्यांना मात्र असा पत्ता सापडत नाही. तापाने पोर दगावते. औषध मिळालेले असते, वैद्य शहाणा असतो, कोणाचीच चूक नसते. त्या घरी कीर्तनकार जाऊन बसला तर त्याच्यापाशी बोलण्यासारखे काही तरी असते. अश्रद्धापाशी तसे काही नाही, आणि उसने आणून त्याने बोलूही नये. शेजारधर्माने पिठले-भाकरी न्यावी, आईबापांना दोन घास खावयास लावावे, आणि दिवेलागणीनंतरही तेथून लवकर उठू नये.