भोग कोणाचे, भार कोणाचा?

गुरुचरित्राच्या सप्ताहात पाचवा अध्याय मी वर्षानुवर्षे वाचत आलो. पीठापूरला आपळराजा आणि सुमतीमातेच्या घरी श्रीपाद श्रीवल्लभ अवतरतात आणि लग्नाची गोष्ट निघताच तीर्थाटनाला निघतात. आईचा जीव कासावीस होतो. घरात दोन मुलगे आहेत, एक आंधळा, एक पांगळा. यांना कोण पोसणार, आम्हाला कोण पाहणार, हा तिचा घोर. महाराज अमृतदृष्टीने पाहतात आणि दोघे बरे होतात. आपण तिथे हात जोडतो आणि पुढच्या अध्यायाकडे वळतो. पण त्याआधीची सगळी वर्षे त्या दोघांना कोणी भरवलं, कोणी उचललं, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला, म्हणाल तर आफ्रिकेमुळे.

माझी पुतणी लग्नानंतर केनियात, मोंबासाला असते. मागच्या वर्षी आली तेव्हा तिने किलिफी भागातल्या एका खेड्याची हकीकत सांगितली. चर्चची एक खोली. आठवड्यातून दोन दिवस तिथल्या आया मुलांना घेऊन येतात. कुणाची मान धरत नाही, कुणाला फिट्स येतात. आठ-नऊ वर्षांचं पोर पाठीला बांधून बाई तासभर चालत येते. खोलीत चटया, चालायला शिकण्यासाठी बांबूचे दोन आडवे दांडे, आणि कोपऱ्यात चहा. पुतणी म्हणाली, "काका, व्यायाम होतो तो होतोच, पण त्या बायका तिथे बोलतात. घरी त्यांच्याशी कोणी बोलत नाही."

का बोलत नाही? तर मूल असं जन्मलं म्हणजे घराला शाप आहे, कुणी करणी केली आहे, आईचं काही चुकलं आहे. कित्येकींना नवऱ्याने टाकलेलं. डॉक्टर सांगतात ती कारणं निराळी: बाळंतपण अडून बाळाला प्राणवायू कमी पडणं, जन्मानंतरची कावीळ वाढून मेंदूपर्यंत जाणं, मेंदूत शिरलेला मलेरिया, मेंदूज्वर.

त्याच भागात गेडे नावाचं गाव आहे. सिंथिया बाऊर ही अमेरिकन बाई 1998 साली तिथे गेली. ती जन्मतःच डाव्या हाताच्या पंजाविना. तिथल्या अपंग मुलांसाठी शिकवणारे शिक्षक लिओनार्ड म्बोनानी तिला भेटले आणि त्यातून ‘कुपेंडा’ ही संस्था उभी राहिली. स्वाहिलीत कुपेंडा म्हणजे प्रेम करणे. मला त्यांची एक गोष्ट फार पटली. ते नुसतं मुलांपाशी थांबत नाहीत. गावचे पाद्री आणि वैदू-मांत्रिक यांनाच बसवून समजावतात, कारण आई आधी त्यांच्याकडे जाते.

हे ऐकून मी "काय अडाणी लोक" म्हणणार होतो. शब्द तोंडातच राहिला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा असाच. तीसेक वर्षांपूर्वी ती माझ्यापाशी रडली, तेव्हा मी तिला काय म्हणालो होतो? "ताई, पूर्वजन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे." धीर द्यायला म्हणालो, बरं का. त्यानंतर ती माझ्यापुढे कधी रडली नाही. तिला धीर आला, असं मी समजत होतो.

कर्मसिद्धान्त मी मानतो, आजही मानतो. पण जन्मभर बँकेत कारकुनी केली. एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगायची नाही, हा तिथला पहिला धडा. मग देवाघरच्या खातेवहीत भाच्याच्या नावे काय बाकी आहे, हे मी कुठे पाहिलं होतं? आणि समजा, पांगळेपण प्रारब्धाचं. पण लग्नकार्यात त्या मुलाला आतल्या खोलीत ठेवलं, बहिणीने येणं-जाणं सोडलं, ते कुणाच्या प्रारब्धात घालायचं? त्या नोंदी आम्ही नातेवाइकांनी आमच्या हाताने केल्या. भोग त्याचा असेल, भार मात्र वाटून घेता येतो.

हे मी मंदिरात बोललो तर एकजण म्हणाले, "आफ्रिकेचं कशाला, आपल्याकडे काय कमी आहेत?" बरोबरच आहे. तिकडे पैसे पाठवा असं माझं म्हणणंच नाही. बाहेरच्या पैशावर उभं राहिलेलं काम दाता थकला की बसतं. दान मिळालेली चाकाची खुर्ची खेड्यातल्या वाटेवर किती दिवस टिकणार? झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर नावाच्या शिक्षकाने जुन्या कागदाचे थर पिठाच्या खळीने चिकटवून अशा मुलांसाठी बसायच्या खुर्च्या करायची रीत शिकवली. रद्दी आणि खळ! आई स्वतः करू शकते, मोडली तर पुन्हा करू शकते. हे मात्र तिकडून घेण्यासारखं आहे.

परवा ताईकडे गेलो. भाचा आता चाळिशीचा. ती त्याला वरण-भात भरवत होती. त्या जुन्या बोलण्याची माफी मागावी म्हणून गेलो होतो, पण तिनेच आधी विचारलं, "माझ्यामागे याचं कोण रे?" सुमतीमातेचाच प्रश्न. ताई एकाहत्तरची, मी सदुसष्टचा. मला उत्तर देता आलं नाही. घास भरवायला वाटी मात्र मागून घेतली. त्याने माझ्या हातून पहिले दोन घास थुंकले, तिसरा घेतला.

आमच्या मंदिरामागची खोली गुरुवार सोडला तर बंदच असते. आसपासच्या चार गल्ल्यांत अशी पाच घरं मला माहीत आहेत, तीन तर आपल्याच पारायणाला येणारी. मी किल्ली मागितली आहे. जयंतीचा उत्सव आटोपला की समितीची बैठक आहे.