कोरा कागद

लोणखेड्याच्या आमच्या घराचा माळा यंदा रिकामा केला, तेव्हा जुन्या गोण्यांखालून आप्पांची पत्र्याची पेटी निघाली. आत तीन ट्रे, लाल बल्ब, मेटॉल-हायड्रोक्विनोनच्या तपकिरी बाटल्या, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचे खडे, घोड्यांच्या निगेटिव्ह आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ ब्रोमाइड पेपरचं न फोडलेलं पाकीट.

आप्पा शहाद्यात पासपोर्ट फोटो काढायचे आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा लगाम धरून उभ्या राहिलेल्यांचे. न्हाणीघर हीच डार्करूम. कोऱ्या कागदावर आधी पागोट्याची कड यायची, मग मिशा, मग डोळे. मी विचारायचो, “हा माणूस आधी कुठं होता?” आप्पा म्हणायचे, “ट्रे हलव.”

पुढे तत्त्वज्ञान शिकवू लागलो, तेव्हा हाच प्रश्न पोथीत भेटला. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच. तेल तिळात असतं म्हणून निघतं, वाळूतून निघत नाही. ईश्वरकृष्णाने ‘सांख्यकारिके’च्या नवव्या कारिकेत याची पाच कारणं दिली आहेत. नैयायिकांना ते पटत नाही. घडा मातीत होताच, तर कुंभाराने घाम कशाला गाळायचा?

मी वर्गात फोटोचा कागद सांख्यांच्या बाजूने उभा करायचो. उजेड लागला की चांदीच्या क्षाराच्या कणावर चांदीचे मोजके अणू सुटतात. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण त्या खुणेवरून डेव्हलपर अख्खा कण काळा करतो. ही लपलेली प्रतिमा फोटोग्राफीचा आद्य संशोधक टॅल्बट याला १८४० मध्ये सापडली.

पेटी निघाली त्या रात्री लाल बल्ब लावला. सल्फाइट आणि सोडा आणून डेव्हलपर बनवला. पाकीट फोडलं आणि उजेड न दाखवता एक कागद त्यात सोडला. तो पांढराच राहायला हवा होता. दोन मिनिटांत सबंध राखाडी झाला. इतक्या वर्षांच्या पत्र्याखालच्या उन्हाळ्यांनी त्याच्यावर काम केलं होतं. दुसरा कागद डेव्हलपर चुकवून थेट हायपोत टाकला. तो शुभ्र निघाला.

दोन्ही दोरीवर टांगले आणि बघत बसलो. राखाडी आधीपासून आत होती, सांख्य जिंकले. पण मी ज्याला कोरा समजत होतो, तो कोरा नव्हताच. आणि जो खरोखर निष्कलंक होता, त्याच्यातली चांदी हायपोने काढून नेली होती. त्याच्यावर आता काही उमटणार नाही. आयुष्यभर देवापुढे मी निर्मळ मन मागत आलो. मागत होतो ते यातलं कुठलं?

तिसऱ्या कागदावर एक निगेटिव्ह ठेवली, बॅटरीचा झोत क्षणभर मारला. घोडा आला, धुक्यातून आल्यासारखा. लगाम धरणाऱ्याचा चेहरा अजून यायचा होता. मी ट्रे हलवत राहिलो.