मोहर न पाहता केलेला सौदा

केळशीत आंब्याची बाग व्यापाऱ्याला द्यायची तर दोघेही आधी कलमांखालून फिरून येतात. मोहर किती धरला, तुडतुडा आहे का, फवारणी कुणी करायची, हे ठरते आणि मग आकडा निघतो. दोन गुंठे जमीन घेणारासुद्धा सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय सही करत नाही. हीच चोखंदळ माणसे आपल्या नावावर झालेला वीस वर्षांचा इंधनकरार न वाचता मान्य करतात.

आपल्याच दापोली तालुक्यातल्या दाभोळसमोर, खाडीपलीकडे अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प उभा राहिला. राज्य वीज मंडळाने ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करार केला. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार भरायचाच; हिशेब डॉलरशी बांधलेला, मागे राज्य सरकारची हमी. दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान आणि अबू धाबीच्या वायूचे दीर्घ मुदतीचे करार झाले. एवढी महाग वीज परवडणार नाही, म्हणून जागतिक बँकेने कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या अभ्यासकांनी कराराचा हिशेब मांडून लोकांपुढे ठेवला. कराराच्या तपासणीसाठी सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीचा अहवाल आला २००१ मध्ये. त्याच वर्षी मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. जे प्रश्न सहीआधी विचारायचे, ते आपण सात वर्षांनी विचारले.

देवळात कौल लावणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. पण विजेची मागणी अमुक पटीने वाढणार, हे सल्लागाराचे भाकीत कागदावर आले की तपासत नाही, आणि तपासणाऱ्याला विकासाचा वैरी ठरवतो. श्रद्धा तीच आहे, फक्त देव्हारा बदलला.

हा जुना इतिहास नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात पेट्रोनेट या वायू आयात करणाऱ्या कंपनीने कतारशी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायूचा करार केला. मुदत २०२८ ते २०४८. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द जगाला दिला आहे. खतांना वायू लागतो, तो उद्या बंद होणार नाही, हे मला मान्य आहे. पण सूर्य आणि वाऱ्याची वीज स्वस्त होत असताना २०४० साली एवढाच वायू लागेल, हे आज छातीठोकपणे कोण सांगेल?

अटी उघड केल्या तर गुंतवणूकदार येणार नाही, असे म्हणतात. दाभोळच्या अटी झाकून कोण वाचले? कर्ज देणाऱ्या बँकाही त्यात अडकल्या. दिला शब्द पाळावा, हेही खरेच. म्हणून तर तो देण्यापूर्वी ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला विचारले पाहिजे. २०४८ सालचे बिल भरणारी पोरे आज केळशीच्या शाळेत पाढे म्हणताहेत.

म्हणून दहा वर्षांहून लांबचा प्रत्येक सरकारी इंधनकरार सहीआधी संसदेपुढे किंवा विधिमंडळापुढे यावा. किमतीचे सूत्र, न उचललेल्या मालाचा भुर्दंड, दर पाच वर्षांनी प्रमाण कमी करण्याचा हक्क आणि तंटा कुठल्या देशात चालणार, ही चार कलमे मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत. वाचायला माणसे येतील. सातबारा वाचणाऱ्यांना ही चार कलमे जड जाणार नाहीत.