असमान पाखी

पिरनवाडीच्या नाक्यावर खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडे वळलेली गाडी चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरते. वाटेत पाण्याचे दोन समुद्रांत वाटे होतात, हे गाडीतल्या कुणाच्या गावीही नसतं. येळ्ळूरच्या शिवारातला पाऊस बळ्ळारी नाल्याने मार्कंडेयात जातो, तिथून घटप्रभेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभाही तिकडचीच. पण त्याच खानापूर तालुक्यात, देगावला उगवणारी म्हादई पश्चिमेची वाट धरते आणि ऐंशीएक किलोमीटरांत पणजीजवळ समुद्राला मिळते. मलप्रभेला कृष्णेला गाठायला, नुसत्या कूडलसंगमापर्यंत, तीनशे किलोमीटर पडतात. समुद्र त्याच्याही किती तरी पुढे.

सह्याद्रीचं छप्परच असं आहे. आढं पश्चिमेला सरकलेलं, एक पाखं आखूड आणि उभं, दुसरं लांबच लांब. कृष्णा महाबळेश्वरला उगवते तेव्हा अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरांवर असतो. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालते, कारण पठाराचा कल पूर्वेकडे.

एकाच नदीच्या दोन्ही बाजू तरी सारख्या कुठे असतात? शाळेत खोऱ्याची आकृती काढताना आपण नदी मधोमध ठेवतो. प्रत्यक्षात मलप्रभेला बेण्णीहळ्ळ, हिरेहळ्ळ हे मोठे ओढे दक्षिणेकडून, धारवाड-गदगच्या अंगाने येऊन मिळतात. उत्तरेला मात्र थोडं चढलं की घटप्रभेची हद्द. जमीन एका अंगाला कलली तर मुख्य नदी त्या कडेला सरकते आणि दुसऱ्या अंगाचे ओढे लांबत जातात. कधी एका काठाला कठीण खडक असतो, दुसऱ्याला ठिसूळ. कधी पाऊसच एका बाजूला जास्त पडतो. खोऱ्याला बेढब म्हणणारे आपण. त्याचा आकार या सगळ्यांच्या ओढाताणीतून ठरलेला असतो.

शिवाय आढंही जागचं हलतं. उभ्या उतारावरून धावणाऱ्या पाण्याला जोर जास्त. कोकणात उतरणारे ओढे उगमाकडे मागे मागे कोरत जातात आणि कधी तरी पठारावरच्या ओढ्याचा माथाच आपल्याकडे वळवून घेतात. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. गुन्हा तडीस जायला लाखो वर्षं लागतात, एवढंच.

गंमत अशी, की माणसाने कळसा-भांडुराच्या योजनेत नेमकी उलटी दिशा धरली: म्हादईचं पाणी मलप्रभेकडे, पूर्वेला. म्हादईच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, तरी गोवा-कर्नाटकाचा वाद मिटला नाही. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे आणि म्हादईच्या खालच्या अंगाला खारं पाणी आत शिरण्याची गोव्याची भीतीही खरी आहे. पण दोन्हीकडची भाषणं ऐकताना वाटतं, आढं कायमचं तिथंच राहणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं आहे.

यंदा पावसाळ्यात चोर्ल्याला गाडी थांबवाल, तेव्हा दरीचे फोटो काढून झाले की एकदा मागे, कणकुंबीच्या बाजूलाही बघा. कृष्णेचं खोरं तिथं सुरू होतं, आणि उतार आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.